कोळसा उगाळावा तितका...

ऑनसाईटला गेलेल्या मुलाला आई फोनवर दोन प्रश्न हमखास विचारते. जेवलास का, आणि पाणी कसलं पितोस. मी आठ महिने अमेरिकेत सिनसिनाटीला होतो तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर "नळाचं" असं असायचं, आणि ते ऐकून आईला दर वेळी नव्याने धक्का बसायचा.

"उकळून तरी घे रे."
"अगं, इथे सगळे तसंच पितात."
"सगळे विहिरीत उड्या मारतील, तू मारशील का?"

असो. विषय तो नाही. विषय असा की आमच्या क्लायंटकडे टेस्टिंग टीममध्ये पन्नाशीची एक बाई होती. ऑफिसातल्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं की पिण्याआधी ती त्याचा वास घ्यायची. दर वेळी. आपण चहा प्यायच्या आधी घेतो तसा नाही, दुधाचं पातेलं नासलंय का बघताना घेतो तसा. एकदा न राहवून विचारलं. म्हणाली, "२०१४ च्या जानेवारीत मी चार्ल्सटनला राहत होते." बास, एवढंच. समोरच्या अमेरिकनांना कळलं, मला काही कळेना. त्या वीकेंडला मी गूगल उघडलं आणि मग पुढचे सहा-सात वीकेंड कोळशात गेले. अक्षरशः.

कोळसा म्हणजे आपल्या म्हणीतला, उगाळावा तितका काळाच. पण याच काळ्या वस्तूने गेली सव्वादोनशे वर्षं माणसाला बाकीच्या गोष्टी पांढऱ्या करून दिल्या आहेत. सुरुवात झाली रशियात, एका औषधाच्या दुकानात.

टोबियास लोविट्झ जन्माने जर्मन. वडील खगोलशास्त्रज्ञ, रशियाच्या नोकरीत. वडिलांबरोबर हा पोरगाही मोहिमेवर गेला होता. १७७४ मध्ये तिकडे पुगाचेव्हचं बंड चालू होतं, त्यात बंडखोरांनी वडिलांना ठार मारलं. पोरगा वाचला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधालयात शिकाऊ म्हणून लागला. तिथे त्याच्याकडे एक कंटाळवाणं काम होतं: टार्टारिक आम्लाचे स्फटिक बनवायचे. स्फटिक व्हायचे, पण तपकिरी. पांढरे काही केल्या होईनात. जून १७८५ मध्ये त्याला दिसलं की द्रावणात लाकडी कोळशाची पूड घालून गाळलं तर तो रंगच निघून जातो. आपल्यासारखा असता तर "बग फिक्स्ड" लिहून घरी गेला असता. हा गडी मात्र हाताला लागेल ते कोळशातून गाळत सुटला. मध गाळला, वास मारणारं पाणी गाळलं, आणि देश रशिया असल्यामुळे अर्थातच व्होडकाही गाळली. सगळ्यांत तोच प्रकार. रंग जातो, वास जातो, मूळ पदार्थ राहतो.

यातलं वास मारणारं पाणी फार महत्त्वाचं. तेव्हा जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत भरून नेत आणि काही आठवड्यांत ते सडायचं. लोविट्झने सुचवलं की पाण्यात कोळसा घाला. पुढे पिंपं आतून जाळून काळी करायची पद्धत आली. क्रुझेनस्टर्न १८०३ ते १८०६ मध्ये रशियन जहाजं घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला गेला तेव्हा त्याने अशीच पिंपं वापरली होती.

लोविट्झचं स्वतःचं आयुष्य मात्र वाईट गेलं. बायको आणि मुलं एकामागून एक गेली, एका अपघातात डावा हात निकामी झाला, आणि १८०४ मध्ये तो स्वतःही गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. माझ्या इंजिनीअरिंगच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात अधिशोषणावर एक अख्खं प्रकरण होतं. त्यात याचं नाव कुठेही नव्हतं.

लोविट्झनंतर कोळसा पळवला तो साखरवाल्यांनी. उसाचा किंवा बीटाचा रस काळपट असतो, गिऱ्हाइकाला पांढरीशुभ्र साखर पाहिजे. आधी लाकडी कोळसा वापरला, मग १८११ मध्ये फिग्ये नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवलं की हाडं जाळून केलेला कोळसा त्याहून सरस काम करतो. बघता बघता युरोपातले साखर कारखाने हाडांच्या कोळशावर गेले. याचे पडसाद आपल्याकडेही उमटले बरं का. स्वदेशीच्या चळवळीत "विलायती साखर हाडांनी शुद्ध करतात, ती देवाच्या नैवेद्याला कशी चालेल?" हा प्रचार जोरात होता. तो काही निव्वळ अफवा नव्हता, त्यामागे ही फिग्येची युक्ती होती. साखरेत हाडं उरत नसत ही गोष्ट वेगळी, पण सोवळ्यात तेवढं पुरे!

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या, पण मग पुढची गोष्ट कळायची नाही.

कोळसा घाण 'शोषून' घेतो असं आपण म्हणतो, पण स्पंज पाणी पितो तसं हे नाही. घाणीचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर नुसते चिकटून बसतात. या चिकटण्याला १८८१ मध्ये कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळा शब्द छापला, त्याचं मराठी म्हणजे अधिशोषण. चिकटायला जागा पाहिजे, म्हणजे पृष्ठभाग पाहिजे, म्हणजे भोकं पाहिजेत. चुलीतल्या कोळशाला भोकं असतात पण बरीचशी डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली. १९०० आणि १९०१ मध्ये ओस्ट्रेको नावाच्या माणसाने पेटंटं घेतली त्यात दोन रस्ते सांगितले होते. एक, लाकूड वगैरे कच्चा माल काही क्षार घालून भाजायचा. दुसरा, तयार कोळशावर लालभडक तापमानाला वाफ किंवा कार्बन डायऑक्साईड सोडायचा. आठशे-नऊशे अंशाला वाफ कोळशालाच आतून खाते, वाळवी लाकूड खाते तशी. उरतो तो नुसता बोगद्यांचा पसारा. त्याला म्हणायचं सक्रिय कोळसा, अर्थात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग साधारण एक हजार चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत दहा गुंठे. चार ग्रॅमला एक एकर! पुण्यात फ्लॅटचं कर्ज फेडणाऱ्यांनी हे वाचून जास्त विचार करू नये. :)

आणि त्याला चिकटतं काय? मुख्यतः सेंद्रिय रसायनं, म्हणजे ज्यांना पाण्यात राहायला मनापासून आवडत नाही अशी. फिनॉल, बेंझीन, कीटकनाशकं, रंग, वास. मीठ, फ्लोराईड, पाण्याचा जडपणा यांना तो जवळपास हात लावत नाही. त्यामुळे कोळसा असला की झालं असं नाही. घरच्या आरओ मशीनमध्ये कोळशाची नळी पडद्याच्या आधी बसवलेली असते ती बरीचशी त्या पडद्याला क्लोरीनपासून वाचवायला. सर्व्हिसवाला मुलगा "मॅडम, कार्बन चेंज करना पडेगा" म्हणतो तेव्हा तो अगदीच फसवत नसतो.

सक्रिय कोळशाचं नशीब उघडलं युद्धाने. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोळशाचा मुखवटा सुचवला. व्होडका साफ करायचा कोळसा तिथे ओळखीचाच होता, म्हणजे लोविट्झचा धागा सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात परत आला. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिकडे नारळाच्या करवंट्या आणि पीच फळाच्या बिया गोळा करायची देशभर मोहीम निघाली, कारण कठीण कवचाचा कोळसा उत्तम होतो. शाळकरी पोरं बिया गोळा करून डब्यात टाकत होती, सैनिकांच्या मुखवट्यासाठी.

दुसऱ्या महायुद्धात मात्र घोळ झाला. १९४२ मध्ये फिलिपिन्स जपानच्या हातात गेलं आणि करवंट्यांचा पुरवठाच तुटला. तेव्हा पिट्सबर्गच्या एका कंपनीने, जिचा मूळ धंदा कोक आणि लोखंडाचा होता, खाणीतल्या दगडी कोळशापासून कठीण, दाणेदार सक्रिय कोळसा बनवून दाखवला. दगडी कोळसा दळायचा, डांबर घालून दाबून विटा करायच्या, त्या फोडून दाणे करायचे, भाजायचे आणि शेवटी वाफ. युद्ध संपलं आणि एवढा माल बनवायची सोय उरली. आता गिऱ्हाईक पाहिजे. ते गिऱ्हाईक म्हणजे पिण्याचं पाणी.

पाण्याची तक्रार तशी जुनीच होती, आणि गंमत बघा, तक्रारीचं मूळही कोळशातच होतं. दगडी कोळसा भाजून कोक करताना फिनॉल निघतं. कोकच्या भट्ट्यांचं सांडपाणी नदीत, खाली शहराचा पंप, पंपावर जंतू मारायला क्लोरीन. फिनॉल आणि क्लोरीन भेटले की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि त्याची दवाखान्यासारखी चव अब्जात काही भाग इतकं पाणी मिसळलं तरी जिभेला कळते. १९२७ मध्ये शिकागोच्या पाण्याला अशाच वासाने ग्रासलं. १९२९ मध्ये जर्मनीत हाम आणि १९३० मध्ये मिशिगनमध्ये बे सिटी इथे दाणेदार कोळशाच्या गाळण्या बसल्या. न्यू जर्सीत हॅकेनसॅकच्या पाणी कंपनीने १९३० मध्ये कोळशाची भुकटी सरळ पाण्यात मिसळायला सुरुवात केली. भुकटी स्वस्त पडते, वास आला की टाकायची, नाही आला की नाही. पुढची चाळीसेक वर्षं कोळशाचं काम एवढंच राहिलं, चव आणि वास. नाकाला कळलं तर घाण, नाही कळलं तर शुद्ध.

इथे मला थांबून स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे.

माझ्या आत्याच्या गावात परसदारी विहीर होती. मी चौथी-पाचवीत असताना वरच्या अंगाला ओढ्याकाठी एक कारखाना आला, आणि वर्षभरात विहिरीच्या पाण्याला डांबराच्या गोळ्यांसारखा वास यायला लागला. आत्याने पाणी उकळलं. वास घरभर झाला. काकांनी तुरटी फिरवली. पाणी नितळ झालं, वास तसाच. जंतू मारायला उकळणं आणि गाळ बसवायला तुरटी, पिढ्यानपिढ्यांची शहाणी उत्तरं होती ती, पण प्रश्नच बदलला होता. मी तेव्हा शाळेच्या पुस्तकातलं वाळू, खडी आणि कोळशाचं गाळणं बाटली कापून बनवलं, इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. पहिल्या दिवशी वास खरंच कमी झाला! आत्याने सगळ्या आळीला बोलावून दाखवलं. "आमचा भाचा बघा." तिसऱ्या दिवशी वास परत आला. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मी दोनदा बाटली धुऊन परत भरली. सुट्टी संपली, मी पुण्याला आलो. पुढे विहिरीवर फळ्या टाकल्या आणि टँकर सुरू झाला. कारखान्याने कधीच काही कबूल केलं नाही.

आता कळतं की माझं काही चुकलं नव्हतं. कोळसा भरला होता. विरार लोकलसारखं आहे हे. चौथ्या सीटपर्यंत लोक बसतात, मग उभे राहतात, मग दारात लटकतात, आणि मग पुढच्या स्टेशनावरचे फलाटावरच राहतात. फरक इतकाच की पाण्यात पालापाचोळ्यापासून आलेली नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यंही असतात आणि ती आधीच येऊन जागा अडवतात. मग एक दिवस गाळणीतून घाण आरपार निघते. इंजिनीअर लोक या क्षणाची वाट बघतात आणि त्याआधी कोळसा बदलतात. मला दहाव्या वर्षी हे कोणी सांगितलं नव्हतं.

तर परत अमेरिकेत. १९७४ साल. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातला रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक याने छापलं की पाण्यात क्लोरीन घातला की त्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांपासून क्लोरोफॉर्म वगैरे तयार होतात. म्हणजे कारखाना नसला तरी! त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण खात्यातल्या बेलर आणि लिश्टेनबर्ग वगैरे मंडळींना स्वतंत्रपणे तेच सापडलं. त्यांची प्रयोगशाळा कुठे? सिनसिनाटीत. नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीचं पाणी पिणाऱ्या न्यू ऑर्लिन्सबद्दल कॅन्सरचा संबंध दाखवणारा एक अहवाल आला, गदारोळ झाला, आणि डिसेंबर १९७४ मध्ये पिण्याच्या पाण्याचा कायदा झाला. नाकाचं राज्य संपलं. आता ज्याला वास नाही, चव नाही, तेही मोजायचं होतं.

१९७७ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कारखान्यातून सुमारे ७० टन कार्बन टेट्राक्लोराईड कनॉवा नदीत गेलं, तिथून ओहायो नदीत, आणि वाहत वाहत सिनसिनाटीच्या पंपापर्यंत. १९७८ मध्ये पर्यावरण खात्याने प्रस्ताव मांडला की ज्या शहरांचं पाणी असं धोक्यात आहे त्यांनी दाणेदार कोळशाच्या गाळण्या बसवाव्यात. पाणी कंपन्या आणि नगरपालिका खवळल्या. खर्च केवढा, गरज काय, सिद्ध कुठे झालंय! क्लोरोफॉर्म गटाच्या रसायनांवर १९७९ मध्ये मर्यादा आली, पण कोळशाची सक्ती १९८१ मध्ये मागे घेतली गेली.

मला खर्चाचा मुद्दा अगदीच खोटा वाटत नाही. कोळसा दर काही महिन्यांनी काढून भट्टीत नऊशेएक अंशाला भाजावा लागतो, मग चिकटलेलं सगळं जळतं आणि भोकं परत मोकळी होतात, पण दर खेपेला थोडा कोळसाही जळून जातो. नळाचं पाणी दिसायला आधी होतं तसंच, आणि बिल वाढलेलं. कोणता नगरसेवक हे विकणार? आपल्याकडेही प्रोजेक्टमध्ये डिझास्टर रिकव्हरीचं बजेट पहिलं कापतात. पण सिनसिनाटीने सक्ती नसताना प्रयोग चालूच ठेवले, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये ओहायोच्या काठी कोळशाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला, कोळसा परत भाजायच्या भट्ट्या तिथेच. त्या काळात असा एवढा मोठा प्रकल्प जगात दुसरा नव्हता.

आता त्या बाईंची गोष्ट.

९ जानेवारी २०१४. वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनला एल्क नदीच्या काठी एका कंपनीच्या जुन्या टाकीला भोक पडलं आणि एमसीएचएम नावाचं रसायन, हजारो गॅलन, नदीत गेलं. दीड मैल खाली अख्ख्या भागाच्या पाण्याचा एकमेव पंप. हे रसायन कशासाठी वापरतात माहितीये? खाणीतला दगडी कोळसा धुवायला. म्हणजे कोळसा स्वच्छ करायचं औषध पाण्यात, आणि पाण्याच्या गाळणीत कोळसा!

पाणी कंपनीला आधीच कळलं होतं. पण पंप बंद केला तर नळ कोरडे, आग लागली तर विझवायला पाणी नाही, आणि गाळणीत कोळसा होताच. तो सांभाळून घेईल असा हिशेब केला. तो कोळसा नेहमीच्या गाळणीतल्या थराचा, चव-वासाच्या कामाचा. दुपारपर्यंत त्याने सांभाळलं. मग भरला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला हुकूम निघाला की हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, आंघोळही करू नका. फक्त संडासात ओता आणि आग विझवा. नऊ काउंट्या, तीन लाख माणसं. घराघरातल्या नळांना ज्येष्ठमधाचा वास येत होता. त्या बाईंनी सांगितलं की त्यांनी त्या दुपारी मुलीला अंघोळ घातली होती. हुकूम यायच्या आधी. मुलीला काही झालं नाही, पण वास घ्यायची सवय लागली ती लागलीच. हुकूम टप्प्याटप्प्याने उठले तरी लोक महिनोन्‌महिने बाटलीचं पाणी पीत होते, आणि गाळण्यांमधला वास धरून बसलेला सगळा कोळसा शेवटी काढून नवा भरावा लागला.

तोच तवंग नदीतून साधारण चारशे किलोमीटर खाली पाच-सहा दिवसांनी सिनसिनाटीला पोचला. नदीवरच्या तपासणीमुळे तो कधी येणार ते आधीच माहीत होतं. शहराने साठा भरून ठेवला, जवळजवळ एक दिवस पंप बंद ठेवले, तवंग पुढे जाऊ दिला, आणि पाठीशी कोळशाचा खोल थर होताच. शहरात नळ चालू राहिले. त्या बाई त्याच वर्षी सिनसिनाटीला राहायला आल्या. "पाण्यासाठी?" मी विचारलं. "नोकरीसाठी," म्हणाल्या, आणि ग्लास नाकाशी नेला.

परत आल्यावर मी हे सगळं आत्याला सांगितलं. तिने लोविट्झपासून सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपली विहीर साफ होईल का रे?" मी वहीवर आकडे मांडायला बसलो. विहिरीत किती पाणी, उपसा किती, कोळसा किती दिवस टिकेल, भरलेला कोळसा टाकायचा कुठे. दुसऱ्याच ओळीला अडलो, कारण पाण्यात नक्की काय आहे हे इतक्या वर्षांत कोणी तपासलेलंच नाही. कारखाना काही वर्षांपूर्वी बंद पडलाय. वास कमी झालाय असं काका म्हणतात, आत्या म्हणते तुमचं नाक गेलंय. प्रयोगशाळेत फोन केला तर त्यांनी सांगितलं की काचेची बाटली पाहिजे, काठोकाठ भरायची, बर्फात ठेवून लवकरात लवकर आणून द्यायची.

"मग ये की दिवाळीला," आत्या म्हणाली. "फळ्या काढायला दोन माणसं लागतील, तेवढं आधी कळव."